सातवं प्रकरण

शनिवार, १७ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, हेही मला ठाऊक आहे. वाचनालयाचं छत गळायचं एकदाचं थांबलं. मासिकांचं कपाट परत भिंतीला लावलं.

वाचनालयाचा चिटणीस म्हणून तू पाठवलेली नोटीस मिळाली. सख्ख्या बहिणीला ‘महोदया’ लिहिताना पेन अडखळलं नाही का रे? यादवीवरची ती कादंबरी सोमवारपर्यंत काढून टाकावी, गुरुवारचं जाहीर वाचन बंद करावं, नाहीतर वाचनालयाच्या किल्ल्या शिपायाच्या हाती द्याव्यात. का, तर त्या कादंबरीमुळे ‘साठ वर्षांपूर्वीच्या जखमा उकरल्या जातात आणि आमच्या वडिलांसारख्या सचोटीच्या पोस्टमनांची बदनामी होते.’

काढणार नाही. वाचनालयाच्या अध्यक्षांना तसं कळव.

तू ती वाचलीस तरी का? मी तीनदा वाचली. त्यातला पोस्टमन दुष्ट नाही, भित्रा आहे. बायकोच्या बाळंतपणाच्या काळजीत असतो. सैनिक विचारतात, दुसऱ्या बाजूची माणसं कुठल्या घरांत राहतात? तो सांगतो. प्रकरण सातवं.

ते मी पहिल्यांदा मोठ्याने वाचलं, ते बाबांना. नजर गेल्यावर रोज दुपारी मी त्यांना वाचून दाखवायचे, हे तू बघायचास. काय वाचते, ते कधी विचारलं नाहीस. त्या पानावर मी थांबले. म्हटलं, “बाबा, दुसरं काही वाचू?”

“पुढे वाच.”

प्रकरण संपलं. त्यांनी चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. म्हणाले, “त्याने चार घरं दाखवली. मी अकरा.”

मला वाटलं, ताप चढलाय. कपाळाला हात लावला, तर गार.

अकराही पत्ते त्यांनी सांगितले, दादा. घर क्रमांक, मजला, दारावरचं नाव. मग म्हणाले, “मी गेल्यावर हे पुस्तक लोकांना वाचून दाखव. कुणी विचारलं तर खरं सांग. माझ्याच्याने उभ्या जन्मात झालं नाही.”

तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाबा गेले त्या दिवशी तू त्यांची खाकी टोपी छातीशी धरून बसला होतास. माझी जीभच उचलेना. तेवढं माझं चुकलं.

परवा गुरुवारी सातवं प्रकरण आलं. वाचून झाल्यावर शिंपीणबाई उठल्या, तुझा कोट शिवतात त्याच. “आमच्या वडिलांना नेलं तेव्हा मी पाच वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “घर कुणी दाखवलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला काही माहीत आहे का हो?”

त्यांचं घर बाबांच्या अकरांत तिसरं. मी सांगितलं. भरल्या खोलीत, बाबांचं नाव घेऊन.

बाई उभ्याच होत्या. “ते रोज यायचे आमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “आई त्यांना पाणी द्यायची.”

मी विचारलं, “वाचन बंद करू का?”

“बंद कशाला? पुढे काय होतं ते ऐकायचंय मला. पण मी माफ केलं असं समजू नका.”

“नाही समजत,” मी म्हटलं.

तुझ्या नोटिशीवर शुक्रवारची तारीख आहे. म्हणजे रात्रीतून सगळं तुझ्या कानावर आलं, आणि तरी तू पुस्तकाच्या आड लपतोस. बाबाही साठ वर्षं लपले. त्यांचं काय झालं, ते मी पलंगाशेजारी बसून पाहिलंय. तुझं तसं मला होऊ द्यायचं नाही.

तेव्हा सोमवारी शिपाई पाठवू नकोस. गुरुवारी पाचला आठवं प्रकरण आहे. किल्ल्या हव्या असतील तर तेव्हा स्वतः ये आणि शिंपीणबाईंच्या देखत माझ्या हातातून घे. बाकीच्या दहा घरांतलं कुणी विचारायला आलं, तर त्यांनाही मी सांगणार आहे. वाटलं तर शेजारी उभा राहा. नाही वाटलं तर मी एकटी सांगेन.

तुझी धाकटी,
आणि तू येऊन किल्ल्या काढून घेईपर्यंत इथली ग्रंथपाल