पोसलेले मासे, बधिर नाकं

३ जून

ती. काकांस,
सा. न.

घडलं ते असं :
१. तुमच्या यार्डात बोटींचा जुना रंग घासून धुतात, ते पाणी मी एका टाकीत भरलं. दुसरीत स्वच्छ पाणी.
२. दोन्हींत बाबांच्या हॅचरीतली, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातली, माशांची पिल्लं ठेवली.
३. नंतर दोन्हींत जखमी माशाच्या कातडीचा अर्क सोडला. या वासाने मासे धोका ओळखतात.
४. स्वच्छ पाण्यातली पिल्लं तळाशी जाऊन गप्प झाली. तुमच्या पाण्यातली वर खेळत राहिली.

बोटीच्या बुडाला शिंपले धरू नयेत म्हणून रंगात तांबं असतं. त्याने माशाचं नाक बधिर होतं. बाबा पंधरा तारखेला पिल्लं नदीत सोडणार, तुमच्या यार्डाच्या खालच्या अंगाला. तिथे मोठे मासे आहेत. तोवर घासकाम थांबवा आणि बाबांना तुम्हीच सांगा. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत.

लोभ आहे, तो राहू द्यावा.
तुमची पुतणी

६ जून

चि. शास्त्रीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

काकू म्हणाली, पोरीने काकाला नोटीस धाडली की काय! माशाला नाक असतं हे आजच कळलं. सर्दी होते का, तेही बघून ठेव.

अगं, त्याच पाण्यात मी जाळीत मासे पाळलेत. धष्टपुष्ट आहेत, दाणे टाकले की झडप घालतात. ते बघूनच दादाने ही जागा निवडली. ऐन हंगामात काम थांबवलं तर बोटवाले पाठ फिरवतील. तू याच रंगाच्या पैशावर शिकलीस, हे विसरू नकोस. दादाच्या कानावर यातलं काही घालू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा काका

९ जून

ती. काकांस,
सा. न.

दाणे त्यांना डोळ्यांनी दिसतात. जाळीत त्यांना खायला कोणी येत नाही, म्हणून ते धष्टपुष्ट आहेत. नदीत जाळी नसते.

शिकले ते याच रंगावर, खरं आहे. म्हणूनच पहिलं पत्र तुम्हाला लिहिलं, बाबांना नाही.

गेल्या वर्षी सोडलेली पिल्लं पुन्हा दिसली नाहीत. तेव्हा बाबा आपल्याच हाताला यश नाही म्हणत बसले होते. तुम्ही शेजारी बसून मान डोलावलीत. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, असं मी धरून चालते. आता माहीत आहे.

तेरा तारखेला सकाळी मी बाबांना दोन्ही टाक्या दाखवणार आहे. त्याआधी तुम्ही स्वतः सांगितलंत, तर तुमचं पत्र माझ्याजवळच राहील.

काय ठरवलंत ते बारा तारखेपर्यंत कळवा.