पहिला धडा कानांचा

मास्तर, आज माझ्या ऑफिसात तुमच्यावरून भांडण झालं. मी आता माग चालवत नाही. मागावर नव्यानं येणाऱ्यांसाठी कोर्स बांधतो. कुठला धडा आधी, कुठला नंतर, ते ठरवतो. हसू नका, यावर माझं घर चांगलं चालतं. आणि हा क्रम मला तुम्हीच लावून दिलात. टॉवेलच्या कारखान्यात पहिला आठवडाभर तुम्ही मला मागाला हात लावू दिला नाही. "हुबा ऱ्हा हितं. डोळं झाक. आयक." धोटा खटाखट धावतोय, आणि तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून ओरडताय, "आता कुटल्या मागाचा सूर बदलला, सांग की!" चुकलो की टपली. सूत तुटायच्या आधी माग सूर बदलतो, हे मला गाठ मारता येण्याआधी कळलं. म्हणून माझ्या प्रत्येक कोर्सचा पहिला धडा तोच: आवाज ओळखा.

ऑफिसातल्या एका मुलीनं आज भिंतीवरच्या त्या धड्याच्या कागदाला हात घातला. विणकराचीच पोर आहे. म्हणाली, "सर, कान झाकायचा धडा तुम्ही पार शेवटी ठेवलाय, आग विझवण्याच्या शेजारी. तोवर माणूस उघड्या कानानं उभा." मी म्हणालो, "कान झाकल्यावर ऐकणार काय, कपाळ?" "आणि कान गेल्यावर? आमचे बाबा टीव्ही एवढा मोठा लावतात, की शेजाऱ्यांनी स्वतःचा विकून टाकलाय." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मावशी तुम्हाला हाक मारत नसत, जमिनीवर तांब्या आपटत. मला म्हणायच्या, "ह्येनला हाक नगं, हादरा दे." आपण तिघं हसत जेवायचो. कारखान्यात तपासणीला आलेल्या डॉक्टरनं कानात कापूस घाला म्हटलं, तर तुम्ही त्यालाच झाडलंत, "जल्मभर कापूस इनला, आता कानात कोंबू व्हय? माग बोलंल ते कोन आयकंल?" सगळं खातं हसलं. कापूस तर आपल्या पायाखाली लोळत होता, मास्तर. शेवटी शेवटी तुम्ही चालत्या मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून उभे असायचात. मला वाटायचं, माया आहे.

मग अक्कलकोट रोडवर तो ट्रक. ड्रायव्हर रडत सांगत होता, "हॉर्न देत व्हतो वो, लांबून देत व्हतो, बाजूलाच झालं न्हाईत." आम्ही त्याला खोटारडा म्हणालो, मारायला धावलो. तो खरं बोलत होता. हे मला आज, भिंतीवरच्या एका कागदापुढं उभं राहून कळलं.

कागद मी माझ्या हातानं काढला आणि एक घर खाली लावला. पहिला धडा आता कानात बोळे घालायचा. आवाज ओळखायचा दुसरा, बोळे न काढता. तुम्हाला राग येईल. पण करून बघितल्याशिवाय कसं लिहू, म्हणून दुपारी एका कारखान्यात गेलो. बोळे घातले, डोळे मिटले. मागाचा सूर दबका येतो, पण बदलला की कळतो. परत येऊन मुलीला तेवढंच सांगितलं, आणि ती खूश झाली.

आता हे कोर्समध्ये कुठं टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगतो. कारखान्यात जे कळलं ते उजव्या कानाला. डाव्यातला बोळा मी काढून पाहिला, परत घातला, परत काढला. काही फरक पडला नाही. मग आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून मी चौकटीवर तळहात ठेवला.