डावा स्पीकर

४ जून
जुनी म्युझिक सिस्टीम अखेर घराबाहेर जाणार. आमच्या ह्यांनी लग्नाआधी घेतलेली. तिच्यातून गाणाऱ्या प्रत्येकाला कायमची सर्दी. आता मी निवृत्त झाले आहे आणि नवे स्पीकर मी निवडणार.

"मला विचारणार नाहीस?" म्हणे. नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी बसले. नुसत्या खाकरण्यावरून माणूस ओळखायचे. हे बँकेत शिक्के मारत होते. शिक्क्यांचे स्पीकर निघाले की विचारीन.

यावर हे काहीतरी पुटपुटले. हल्ली सगळेच पुटपुटतात. शिवाय नवी नाटकं – इतकी वर्षं जेवायला माझ्या डाव्या हाताला बसायचे, दोन वर्षांपासून उजव्या. का, तर डावीकडे पंख्याचं वारं लागतं. नाजूक झाले आहेत.

६ जून
दुकानात गेलो. स्पीकरवाला डोळे मिटून बोलतो. "मॅडम, हा स्पीकर श्वास घेतो." म्हटलं, घेऊ द्या, गातो का ते सांगा. दुसऱ्यात म्हणे ऊब आहे. मी स्वेटर घ्यायला आलेले नाही.

एका फळीवर चार जोड्या दाटीवाटीने ठेवलेल्या. पुढे पडदा ओढायला लावला. रूप नको, फक्त आवाज. पहिलीत तबला पिंपात पडलेला. दुसरीत बाई गाते आहे की कुकरची वाफ सुटते आहे, कळेना. तिसरीत वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून घसरलं, तेही ऐकू आलं. चौथी ऐकलीच नाही.

पडदा सरकवला तर तिसरी जोडी सगळ्यांत कुरूप. चपला ठेवायची दोन कपाटं. ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. बरं वाटलं.

७ जून
कपाटं आली. टेपने मापून दोघांत आठ फूट अंतर ठेवलं. बरोबर मध्ये माझी खुर्ची.

८ जून
डावा स्पीकर मेला आहे. म्हणजे अगदी मेला नाही, शेजाऱ्यांकडे वाजत असल्यासारखा येतो. उजवा ठणठणीत.

ह्यांना बसवून ऐकवलं. "मला दोन्ही सारखेच वाटतात." शिक्के!

दुकानात फोन करून डोळे मिटणाऱ्याचे डोळे उघडले.

१० जून
स्पीकरवाला स्वतः आला. डाव्याला कान लावून बसला. "मॅडम, काही बिघाड नाही हो." डावा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. वायरीही बदलल्या. तरी मेलेला तो डावीकडचाच. मग म्हणे भिंत असेल. मग म्हणे पडदा आवाज खातो. पडदा काढला, कपाट सरकवलं. ढिम्म फरक नाही.

हे दारात उभे. म्हणाले, "खुर्ची थोडी डावीकडे घे ना. काम भागेल." काम भागवायला मी नवे स्पीकर घेतले नाहीत. खुर्ची मध्येच राहील.

"जन्मभर माणसांत डावंउजवं केलंस, आता खोक्यांतही सुरू केलंस?" स्पीकरवाल्याला हसू आलं. मला नाही. त्याला तोंडावर लबाड म्हटलं. बिचारा वायर गुंडाळत खाली मान घालून गेला.

११ जून
तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. दोन पानं झाली. 'लबाड' हा शब्द तीनदा आला आहे. कमी करणार नाही.

१२ जून
दुपारी हे बाहेर गेले होते. पत्राला पुरावा हवा म्हणून खोलीत सगळ्या बाजूंनी बसून ऐकलं. शेवटी खुर्ची उलटी केली आणि स्पीकरकडे पाठ करून बसले.

मेलेला जिवंत झाला. जिवंत होता तो मेला.

डाव्या कानावर तळहात दाबला. काही फरक पडला नाही. उजव्यावर दाबला. गाणं गेलं.

एक्स्चेंजमध्ये हेडसेट डाव्याच कानावर असायचा. वायर उजव्या हाताच्या आड आली की नोंदी लिहिता यायच्या नाहीत.

पत्र फाडलं. खुर्ची सरळ करून ठेवली.

१३ जून
सकाळी स्पीकरवाल्याला फोन करून माफी मागितली. कारण सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

जेवायला बसण्याआधी पंखा बंद केला. हे आले, पंख्याकडे पाहिलं, आणि घाम पुसत माझ्या उजवीकडेच बसले.