सात नंबरचा दगड

३० मार्च, रविवार

टाकी तडकतेय म्हणे! माझी टाकी!

माशांची, चार फूट लांब, बारा एमएमची काच, सांध्यांचं सिलिकॉन मी स्वतः बोट फिरवून तपासलेलं. अंबरनाथ एमआयडीसीत पॉवर प्रेसच्या खात्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. नुसत्या आवाजावरून सांगायचो — तीन नंबरच्या प्रेसची डाय ढिली झालीय, थांबवा. कानात घालायला बोळे मिळायचे, मी कधी घातले नाहीत. कान हेच तर माझं हत्यार! आणि आज माझी मुलगी, ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर एक्सेल भरणारी अस्मिता, मला सांगते की पंधरा दिवसांपासून टाकीतून 'टक्' असा आवाज येतो. काच तडकावी तसा.

वीस मिनिटं टाकीपुढे उभा राहिलो. काही नाही. पंपाची घरघरसुद्धा नाही! टाकी देणाऱ्या दुकानदार हरेशचा माल म्हणजे माल.

यशोधरा काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. ही हल्ली बोलतच नाही. मी रिटायर झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं झाली. नवरा दिवसभर घरात असला की बायकांना जड जातं, वाचलंय मी कुठेतरी.

१ एप्रिल, मंगळवार

कुकरची शिट्टी पुन्हा गेली. डाळ करपली. वर्षातली ही तिसरी शिट्टी. हल्ली कशातच दम नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

खालच्या मजल्यावरचा भूपेश वर आला. त्याने नुकतंच पीओपीचं सिलिंग करून घेतलंय. आपल्या डोक्यावर तीनशे लिटर खारं पाणी आहे, हे त्याला आत्ता सुचलं! चिडून बोलतो, त्यामुळे निदान कळतो तरी. "काका, आमच्या बेडरूममध्ये ऐकू येतं! उद्या काच फुटली तर जबाबदार कोण?"

बोलता बोलता एकदम दचकला. अस्मिताही दचकली. दोघं टाकीकडे बघायला लागले. मी दचकलो नाही. अनुभवाचा फरक.

ठरलं असं — वीस तारखेला सोसायटीची मीटिंग. तोवर आवाज बंद झाला नाही तर टाकी हरेशला परत. यशोधरानेही मान डोलावली! जन्मभर नुसती धाडधाड ऐकली. रिटायर झालो तेव्हा ठरवलं होतं, आता घरात एक शांत वस्तू आणायची. त्या दोन नारंगी माशांसमोर बसलं की मला बरं वाटतं. ते तरी माझ्यावर रुसत नाहीत.

६ एप्रिल, रविवार

उल्हासनगरला हरेशच्या दुकानात जाऊन आलो. कल्याणपासून बदलापूरपर्यंत स्पष्ट बोलणारा हा एकच माणूस उरलाय. दुकानात पन्नास पंप चालू असतात तरी त्याचा शब्द न् शब्द कळतो. डोळ्यांत डोळे घालून, मोठ्याने, हात हलवून बोलतो. "काका, टेन्शन नको! काच को कुछ नहीं हुआ! लाइव्ह रॉक हिलता होगा, काच को लगता होगा! सब बाहर निकालो, फिर से जमाओ!"

लाइव्ह रॉक म्हणजे जिवंत दगड. समुद्रातला, भोकाभोकांचा. आत हजार बारीक जीव राहतात, तेच टाकीचं पाणी साफ ठेवतात. वाळला की मेला. माझ्याकडे असे अकरा आहेत. सगळ्यात देखणा सात नंबर — जांभळा, मधून आरपार बोगदा. गेल्याच महिन्यात हरेशकडून आणला.

आवाज नाहीच आहे. पण लोकांचं समाधान करायचं तर रचना बदलू. आपलं काय जातं?

९ एप्रिल, बुधवार

पुनर्रचना क्रमांक एक.

आधी ग्राफ पेपरवर नकाशा काढला. घरातल्या सगळ्या बादल्या खाऱ्या पाण्याने भरल्या आणि दगड त्यांत ठेवले. यशोधराने पातेल्यात पाणी घेऊन आंघोळ केली. ओठ हलत होते, शब्द मात्र एक नाही! मोठे दगड खाली, लहान वर, प्रत्येक दगड काचेपासून दोन बोटं लांब. सात नंबर डावीकडचा उचलून उजवीकडे नेला. मासे कोपऱ्यात तोंड खुपसून बसले होते. पाणी गढूळ झालं, कंबर गेली, फरशीवर मीठ.

रिपोर्ट लिहिला: दगड हलत नाहीत. आवाज नाही. पास.

१० एप्रिल, गुरुवार

अस्मिताने मोबाइलवर टाइप करून दाखवलं — पप्पा, आवाज आता उजवीकडून येतो. समोर उभी आहे, तरी टाइप करते! तोंडाने बोलायचा कंटाळा. नवी पिढी.

परवापर्यंत डावीकडून येत होता म्हणे. सोय बघून जागा बदलतो तो आवाज नसतो, मत असतं. तरी रिपोर्टात नोंद केली. तक्रारदाराचं म्हणणं इन्स्पेक्टरने लिहायचं असतं, मानायचं नसतं.

खाली तिने आणखी एक ओळ टाइप केली होती — कान दाखवून येऊ या का? मी चष्मा काढून ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार

पुनर्रचना क्रमांक दोन. या वेळी कमान केली. चार वेळा कोसळली, पाचव्यांदा उभी राहिली. सात नंबर मधोमध, मानाच्या जागी. काय दिसतो!

संध्याकाळी तक्रारदारांचं म्हणणं: आवाज आता मधून येतो. मला हसूच आलं. रिपोर्ट — पास.

दाराची बेल बदलली. दुसऱ्यांदा. दूधवाला आज पुन्हा बाहेर उभा राहून राहून गेला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरे कपडे घातले, सकाळी वंदना घेतली. यशोधरा वंदनासुद्धा हल्ली मनातल्या मनात म्हणते. पूर्वी तिचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. संध्याकाळी कुळगावात मिरवणूक. यंदा डीजेचा आवाज अगदी बेताचा होता, छान वाटलं. लोक उगाच कानांवर हात ठेवून उभे!

गर्दीत यशोधरा दिसली. निळ्या काठाची पांढरी साडी. बायकांच्या घोळक्यात उभी राहून हातवारे करत काहीतरी सांगत होती, आणि सगळ्या हसत होत्या. तीही हसत होती. म्हणजे बोलता येतं. घरातच येत नाही.

फार वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, बाकी सांगणार कुणाला?

१६ एप्रिल, बुधवार

माझं पत्र पेपरात छापून आलं! 'बदलापुरातले पक्षी गेले कुठे?' ना चिमणी ऐकू येते, ना कोकीळ. मोबाइल टॉवर, बिल्डर, नगरपालिका — सगळ्यांना धारेवर धरलंय.

यशोधराने वाचलं. मग खिडकीबाहेरच्या जांभळाच्या झाडाकडे बराच वेळ बघत बसली. नंतर माझ्याकडे. पटलं असावं.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या मीटिंग. सकाळी अस्मिता माझे रिपोर्ट घेऊन बसली. पहिल्यांदाच कुणीतरी वाचले. आणि पेन्सिलीने तीन ठिकाणी गोल केले. आवाज डावीकडे, सात नंबर डावीकडे. आवाज उजवीकडे, सात नंबर उजवीकडे. आवाज मध्ये, सात नंबर मध्ये. माझ्याच अक्षरात! शिवाय दगड आणला मार्चमध्ये, तक्रारही मार्चपासून. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या असल्या चुका पकडल्या. पोरीने काही टाइप केलं नाही. नुसतं बोट ठेवलं.

भूपेशला साक्षीदार म्हणून वर बोलावलं. कमान मोडली. सात नंबर बाहेर काढला आणि बादलीतल्या पाण्यात दोन्ही हातांनी धरून बसलो. अस्मिता शेजारी, भूपेश दारात, यशोधरा ओट्याशी पाठमोरी.

तळहातावर ठोका बसला. दगडाच्या आतून कुणी टिचकी मारावी तसा.

त्याच क्षणी अस्मिता दचकली. भूपेश एक पाऊल मागे सरला. आणि यशोधराने — पाठमोऱ्या यशोधराने — वळून पाहिलं.

पुन्हा ठोका. पुन्हा तिघंही. मी तोंडं बघत होतो त्यांची. मला ठोका लागत होता, पण आवाज नव्हता. कुठेच नव्हता. मी कान बादलीपर्यंत खाली नेला. ठोका! भूपेशने तोंड वाकडं करून कानात बोट घातलं. मला काही नाही.

बोगद्यातून मिशा बाहेर आल्या, मग एक नांगी. बोटाएवढी कोळंबी! एक नांगी बारीक, दुसरी भलतीच मोठी. हरेशला व्हिडिओ कॉल लावला. "अरे काका, पिस्टल श्रिम्प! नांगी बंद करता है तो फटाका फूटता है! काच को कुछ नहीं, मछली को कुछ नहीं! रखो, नसीबवाले को मिलता है!" भूपेश हसला, माझ्या पाठीवर थाप मारली, मीटिंगमध्ये विषय काढत नाही म्हणाला. टाकी राहिली.

सगळे खूश. मी बादलीपाशीच बसून राहिलो. एवढीशी कोळंबी. तिचा आवाज खालच्या मजल्यावर जातो.

म्हणजे कुकरच्या तिन्ही शिट्ट्या चांगल्या होत्या. बेल चांगली होती, दोन्ही वेळा. जांभळावर पक्षी असतीलच. पेपरात नावानिशी छापून आलंय!

आणि यशोधरा? पुढचं लिहवत नाही.

२० एप्रिल, रविवार

अस्मिताने कानाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली. मी हो म्हणालो.

चहाच्या वेळी यशोधराच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो, तिच्या तोंडाकडे बघत. विचारलं — दोन वर्षं तू माझ्याशी बोलत होतीस? तिने गॅस बंद केला. मग मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाली, "रोज बोलत होते. हरेशचं सगळं ऐकू यायचं तुम्हाला. मला वाटलं, माझंच तेवढं नको झालंय."