मागच्या रांगेतलं युफोनियम

गारखेडा, औरंगाबाद
एप्रिल २०१६

प्रिय कचरू,

तुझ्या गावी, देवगाव रंगारीला, फोन लावून लावून माझं बोट झिजलं, पण तू काही उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. तुझा शिवराज परवा मोंढ्याच्या बाजारात भेटला. म्हणाला, "काका, पुढचे दात पडल्यापासून बाप कुणाशी बोलत नाय. ट्रम्पेट पेटीत टाकलं अन् वर गव्हाचं पोतं ठेवलं." लेका, दात सगळ्यांचेच पडतात, म्हणून काय दाराआड बसायचं? माझ्या नातीचं, संस्कृतीचं, वैशाखात लग्न आहे. आमंत्रणाला तू "बघू" म्हणालास म्हणे. बघू काय? तू आला नाहीस तर माझी अब्रू जाईल, ती कशी ते पुढे सांगतो.

पोरीनं हट्ट धरलाय की डीजे नको, वरातीत आजोबांनी वाजवायचं. व्याही पुण्याचे, सभ्य माणसं. त्यांना दाखवायला मी युफोनियम, ते आपलं पितळी धूड, दिवाणखान्यात आणून ठेवलं, तर विहीणबाईंनी हळूच विचारलं, "हा जुन्या बंबाचा भाग का?" मी हो म्हणून टाकलं. आयुष्यभर कुणाकुणाला समजावत बसायचं?

तुला त्याचं काय म्हणा. बँडमास्तर बद्रीनाथांनी वाद्यं वाटली तेव्हा तू देखणा म्हणून तुला ट्रम्पेट मिळालं आणि मी रुंद म्हणून मला हे. वरबाप नोटा ओवाळायचा त्या तुझ्यावर, फोटोत यायचास तू, आणि माझा फार तर कोपर यायचा. जेवताना लोक म्हणायचे, "त्या पों-पोंवाल्या बाबालाबी वाढा." पण खरं सांगू? पहिल्याच दिवशी खालचा सा लागला आणि पोटात असं काही हललं, तसं गोजरबाईला बघायला गेलो तेव्हाही हललं नव्हतं. (हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. ती लग्नात तुझ्या बायकोला भेटणार आहे.) दर दसऱ्याला मी त्याला चिंचेनं घासायचो आणि घरात आमटी चिंचेवाचून व्हायची. प्रेम होतं, दुसरं काय.

बहात्तरचा दुष्काळ आठव. लग्नं बंद, बँड बसून. तेव्हा दौलताबादजवळच्या एका गावानं पावसासाठी बेडकीचं लग्न लावलं आणि आपल्याला सुपारी दिली. ऐन वरातीत कोरड्या वाऱ्यानं तुझा ओठ उलला, ट्रम्पेट बंद पडलं. क्लॅरिनेटवाला आधीच आजारी. उरलो मी आणि ढोल. मी आपला माझाच साथीचा भाग वाजवत राहिलो, कारण मला दुसरं येतंच कुठे? चाल कुणालाच कळेना. गावच्या चतुराबाईंना ते भजन वाटलं, त्या टाळ्या वाजवायला लागल्या. काकासाहेब पाटलांना लावणी वाटली, त्यांनी फेटा उडवला. मग दोघांची जुंपली. "भजन हाय वो हे!" "भजन कुठलं, लावणी हाय!" नवरी सुपात गप्प बसून होती. शेवटी माझ्याकडे निवाडा आला, तर मी म्हणालो, दोन्ही. तू रक्त पुसता पुसता इतका हसलास की ओठ आणखी फाटला. पाऊस काही आला नाही. पण परतताना तू माझं वाद्य खांद्यावर घेतलंस आणि थोडं चालून म्हणालास, "सख्या, लई जड हाय रं हे. अन् तू रोज वागवतो?" एवढ्या वर्षांत माझ्या वाद्याचं कुणी केलेलं कौतुक म्हणजे तेवढंच. मी ते विसरलेलो नाही.

आता इथलं ऐक. ज्या रानात आपण तालमी करायचो तिथे चार मजली इमारती झाल्यात आणि त्यातल्याच एकीत मी राहतो. फ्लॅट आहेत, लिफ्ट आहे, फक्त पाणी नाही. टँकर आला की प्रोफेसर, वकील सगळे बादल्या घेऊन धावतात. दिवाळीत मी गॅलरीत रियाज करून वाद्य निथळायला ठेवलं, तर खालच्या मजल्यावरचे मुकुंदराव तणतणत वर आले. "दुष्काळात पाणी सांडता, लाज वाटत नाही?" मी म्हणालो, "ते पाणी नव्हे, थुंकी आहे. हवी तर खाली बादली लावा." तेव्हापासून बोलणं बंद आहे. हल्ली मात्र माझी गॅलरी कोरडी असते, आणि ते जिन्यात माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघतात.

गॅलरी कोरडी का, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. फाल्गुनात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, हे घरी ठाऊक आहे. पण डॉक्टरांनी मला एकट्याला गाठून सांगितलं, "आजोबा, यापुढे फुंकायचं नाही. वाढदिवसाचा फुगासुद्धा नाही." ते ऐकून मी दवाखान्याच्या संडासात जाऊन रडलो, कचरू. घरी आलो आणि पोरीचा चेहरा बघून नाही म्हणताच येईना. आता माझी बोटं शाबूत आहेत आणि तुझी छाती. युफोनियमचं फुंकायचं तोंड रुंद, कवळी लावूनही ओठ बसतो, असं जाणत्यांनी सांगितलंय. तेव्हा तू फुंक, मी शेजारून कळा दाबतो. चालताना पावलं जुळवावी लागतील, लोक हसतील, हसू देत. रविवारच्या एसटीनं ये, म्हणजे तालमीला दिवस मिळतील. संस्कृती रोज विचारते, "आजोबा, तयारी कुठवर आली?" मी म्हणतो, जोरात चालू आहे. ती सगळी तयारी म्हणजे हे पत्र आहे.

तुझाच,
सखाराम