जामीनदाराचं म्हणणं

३ मार्च, कराड
आमच्या वकील जाधवबाईंचा फोन. पतसंस्थेकडून तडजोडीचा मसुदा आला म्हणे. "तुमचं काम झालं समजा." बाई फार खूश. वकील खूश झाला की मी आधी खिसा चाचपतो.
हळदीची गिरणी बंद करून कागद वाचला. थोरले साडू सदाशिवराव यांनी सांगलीच्या हळद-पॉलिशच्या शेडवर घेतलेलं कर्ज. थकलं, संस्था कोर्टात गेली. मी जामीन. मसुद्यात असं की मी थोडी रक्कम एकदम भरायची आणि मोकळं व्हायचं. बाकीचं साडूंनी दरमहा. एक हप्ता चुकला तरी शेड, मशीन संस्थेच्या ताब्यात. यावर माझं म्हणणं १६ च्या आत द्यायचं.
हिला सांगितलं. "सुटलात की!" म्हणाली. मग भाकरी थापता थापता, "पर आक्काचं काय?" आक्का, हिची थोरली बहीण.

५ मार्च
हप्ता एवढा दांडगा कुणी ठरवला? बाई म्हणाल्या, कर्जदारानेच कबूल केला. वसुलीचा माणूस शेडवर गेला, हळद घासायचा ड्रम फिरताना बघून आला. काम जोरात.
पटत नाही. हल्ली ट्रॅक्टरवरचा ड्रम शेतातच जातो. माझ्या गिरणीला येणारी हळद तिकडूनच चकचकीत होऊन येते. शेडवर कोण नेतंय? बघून यावं.

७ मार्च, सांगली
हळदीचे सौदे उरकून शेडकडे. दारातच थांबलो. ड्रम फिरत होता. तरुणपणी अशाच शेडवर पोती उचललीत. माल असला की ड्रम दबक्या आवाजात घासतो, धापा टाकल्यासारखा. हा खणखणत होता. आत हळदीची एक कांडी नाही.
सदाशिवराव खुर्चीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट.
"या या, पाव्हणं! लय रेटा हाय बघा कामाचा."
"ऐकतोय की."
"रातपाळी लावावी म्हणतोय."
"लाईटबिल रातपाळीचंच येत असंल."
हसले नाहीत. शेजारच्या गाळेवाल्याने जाता जाता हाळी दिली, "जोरात हाय की गड्या!" यांनी लगेच हात वर केला, "व्हय व्हय!"
ह्या एका "जोरात"साठी मोटर चालू. आणि त्याच हिशोबावर कोर्टात हप्ता कबूल. दोन महिन्यांत शेड जाणार.
चहा पिऊन निघालो. काय बोलायला हवं होतं ते गाडीत बसल्यावर सुचलं.

८ मार्च
बाई म्हणतात, सही करा, तुमचा संबंध संपला. कायद्याने बरोबर.
पण गिरणी काढायची म्हटलं तेव्हा कराडात मला जामीन राहायला कुणी तयार नव्हतं. "पोती उचलणारा गिरणी चालवतोय व्हय!" सदाशिवराव एस.टी.ने आले, सही केली, चहासुद्धा न घेता परत. पुढं त्यांना मी. तू मला, मी तुला, इकडं असंच चालतं. माझं कर्ज फिटलं म्हणून त्यांची ती सही पुसली जात नाही.
बाई म्हणाल्या, "हे कोर्टाला लिहून देता येत नाही. दुसरं काही असेल तर सांगा."

१० मार्च
आहे की दुसरं. यंदा गिरणीची सगळी हळद बिनपॉलिशची घ्यायची. स्वस्त पडते. पॉलिश साडूंच्या शेडवर. मजुरी थेट संस्थेच्या खात्यात. हप्ता निम्मा. मी जामीन आहे तसाच राहणार.
संस्थेच्या मॅनेजरला फोन.
"अहो, सुटायचं सोडून अडकून काय घेताय?"
"अडकतोय कुठं साहेब, माल स्वस्त पडतोय."
खरंच पडतोय. जप्त केली तरी बंद शेडला गिऱ्हाईक कुठलं, हेही त्यांच्या कानावर घातलं. तासाभरात होकार.
अडचण एकच. हप्ता का कमी करायचा, ते लिहावं लागतं. बाईंनी लिहिलं : 'कर्जदाराच्या शेडवर सध्या काम नाही.'

१२ मार्च
सदाशिवरावांना फोनवर वाचून दाखवलं. समोर बसून सांगायला पाहिजे होतं. एवढे व्यवहार केले, आणि इथं घाई.
"काम न्हाई म्हून कुणी सांगितलं?"
"मी दारात हुतो. रिकामा वाजत हुता."
मग, "आमच्यावर पाळत ठिवायला जामीन झाला व्हय तुमी?" फोन बंद.
संध्याकाळी आक्काचा हिला फोन. ही आतल्या खोलीत, पण आक्काचा आवाज भिंत ओलांडतो. "मला काय ठावं न्हाई व्हय? आदी शर्ट धुतला की मोरी पिवळी व्हायची. आता साबण बी लागत न्हाई. पर त्यास्नी कसं म्हणू गं?"

१४ मार्च
बाईंना विचारलं, 'काम नाही' ऐवजी 'काम हंगामी' चालेल?
"ऐन हंगामात?"
तेही खरंच. मूळचंच ठेवून म्हणणं दाखल केलं. सदाशिवरावांची सही बाकी. फोन उचलत नाहीत.

१६ मार्च, सांगली, कोर्टाच्या आवारात
आले. तोच पांढरा शर्ट. माझ्याकडे बघितलं नाही.
पुकारा झाला. संस्थेची सही, माझी सही. मग हे उठले.
"साहेब, एक इचारू? हे सगळ्यांच्या म्होरं वाचणार का?"
मागच्या बाकांवर ओळखीची चार माणसं. मला वाटलं होतं, राग माझ्यावर आहे.
न्यायाधीश साहेबांनी कागदावरून नजर फिरवली. "वाचायची गरज नाही. तुम्ही स्वतः वाचलंय ना? मान्य असेल तर सही करा. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा."
ते बाहेर लिंबाच्या पारावर बसलेत, कागद घडी करून वरच्या खिशात. मी कँटीनच्या बाकड्यावर, समोरच. बाई म्हणतात, जाऊन समजवा. नको. फोनवर समजवून बघितलंच.
दोन चहा सांगितले होते. पोऱ्याने एक त्यांना नेऊन दिला. कुणी पाठवला ते त्यांनी विचारलं, त्याने माझ्याकडे बोट केलं. सदाशिवरावांनी कप घेतला. पारावर बाजूला ठेवलाय. अजून वाफ दिसतेय.