शुक्रवारी, राहुकाळाच्या आधी

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
रविवार, १८ जून २००६

चि. सौ. देविका हिला अण्णाचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत, तुम्हीही असालच.

प्रथम एक तक्रार, आणि ती तू गंभीरपणे वाचावीस. या घरात दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ इडली चालू आहे. काल दुपारीही होती. "इडलीचं काय एवढं?" असं पुण्याच्या सूनबाईंना वाटेल. पण माणसाने किती इडल्या खाव्यात याची काही मर्यादा आयुर्वेदाने घातलीच असेल, आणि ती मी केव्हाच ओलांडली आहे. तुझ्या प्रमोदिनी वहिनीने तर तांबरमच्या आपल्या नव्या फ्लॅटला पडदे लावायच्या निमित्ताने पळ काढला. मी आईजवळ राहिलो, म्हणून इडल्या माझ्या वाट्याला.

आता ३० तारखेचं. "खरेदीखताच्या दिवशी नक्की काय काय होतं?" असं तू फोनवर विचारलंस. ऐक.

सब-रजिस्ट्रारची कचेरी दहाला उघडते, म्हणजे कुलूप दहाला निघतं. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. आपले घर घेणारे राममूर्ती म्हणतात, सही साडेदहाच्या आत झाली पाहिजे. सरकारी कचेरीत अर्ध्या तासात काही होतं असं मानणारा इतका आस्तिक मनुष्य मी पाहिला नाही. "मग बारानंतर करू," म्हटलं, तर म्हणाले, "बारानंतर साहेब जेवायला गेले तर?" "मग पुढच्या आठवड्यात?" "आडी महिना जवळ येतोय, सार!" आडीत इकडे कोणी घर घेत नाही, हे तू विसरली नसशील. एकूण ग्रह, साहेब आणि पंचांग या तिघांचं एकमत होईपर्यंत आपण बाकावर बसायचं.

तू मतदार ओळखपत्र आण, मूळचं. दोन फोटो आण. राममूर्तींच्या वकिलाला आपल्या दोघांच्याही सह्या हव्यात, उद्या मुलांनी तक्रार करू नये म्हणून. डाव्या अंगठ्याला शाई लावतील. सही करता येते असं सांगून उपयोग नाही. फ्लॅट घेताना मी संस्कृतचा प्राध्यापक आहे हेही सांगून पाहिलं होतं. साडी फार चांगली नेसू नकोस, शाई निघत नाही.

यात एक विघ्न येऊन गेलं, ते तुला सांगितलं नव्हतं. दस्त लिहिणारा सुब्बा एके दिवशी म्हणाला, "सार, ह्या घराच्या मालकीणबाई दोन दिसतात." घर तुळजाजी आजोबांनी आईच्या नावावर घेतलं ते तिच्या लग्नाआधी, म्हणून जुन्या खतात ती वडिलांच्या आद्याक्षराने 'टी. धनलक्ष्मी'. रेशनकार्डावर अप्पांच्या, गिरीधररावांच्या आद्याक्षराने 'जी. धनलक्ष्मी'. आपल्याकडे बायकांचं आद्याक्षर लग्नात बदलतं, आणि खत बदलायचं कोणाला सुचत नाही. शंकराचार्यांना हे पटवायला फार श्रम पडले नसते, उपाधी दोन आणि वस्तू एक. पण सब-रजिस्ट्रार अद्वैती नाही. त्याला प्रतिज्ञापत्र लागतं.

तेव्हा आईला वकिलाकडे नेलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिने शपथेवर सांगितलं की मी म्हणजे मीच आहे. वकिलाने तमिळमध्ये वाचून दाखवलं, तिने शांतपणे ऐकलं, आणि मग मला मराठीत विचारलं, "गुरू, ह्यातली कुठली घर विकते म्हणे?"

मी हसलो. वकील म्हणाला, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "सही कुठे करायची विचारते आहे."

तिने सही केली.

आता इडलीकडे वळतो. मागच्या पडवीतला दगडी रगडा तुला आठवत असेल, जमिनीत पक्का बसवलेला. राममूर्ती मोजमापाला आले तेव्हा म्हणाले, "हा फोडून टाकू, इथे मोटर बसेल." आई दारात उभी होती. तिने त्यांना कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे घर्र घर्र आवाज आला. मला वाटलं, विजेचा ग्राइंडर मी तांबरमला पाठवून दिला, म्हणून बिचारी हाताने वाटते आहे. मला लाज वाटली, आणि बसमधून ते धूड मांडीवर घेऊन परत आणलं. ती म्हणाली, "बरं केलंस, ठेव तिकडे." आणि पुन्हा रगड्यावर बसली. दुखऱ्या गुडघ्यांनी, रोज. एवढ्या पिठाचं करणार काय? शेजारची दोन घरं आणि मी, आम्ही सगळे मिळून ते संपवतो आहोत.

छप्पर गळतं, जिना तिला झेपत नाही, तांबरमला लिफ्ट आहे. हे सगळं खरं आहे. आपण दोघांनी फोनवर ते ठरवलं, आणि मग तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." अप्पांनाही ती हेच म्हणायची.

शुक्रवारी साहेब मान वर न करता तिला विचारतील, "सम्मतमा, अम्मा?" शब्द आपलाच आहे, कळला नाही म्हणायची सोय नाही. ती 'आमा', म्हणजे हो, म्हणेल आणि अंगठा पुढे करेल.

म्हणून सांगतो, शुक्रवारी सकाळी उतरून रात्री परतायचं तुझं तिकीट बदल. बुधवारी ये. पहाटे पडवीत तिच्याजवळ बस, पीठ सारायला लाग, आणि तिला एकदा विचार. मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा "मीठ घातलंस का?" एवढंच विचारून परत आलो. तुला ती सांगेल. नको म्हणाली, तर राममूर्तींना तोंड मी देईन. ते ओरडतील, ओरडू देत.

देविका, तिला हे घर सोडायचं नाही असं मला वाटतं, आणि विचारायची मला भीती वाटते.

बुधवारी स्टेशनवर येतो.

तुझा
अण्णा